पाटकऱ्याचा सत्कार

शर्टाची बटणं त्याला लावता येत नव्हती. उजवं मनगट सुजून टम्म झालं होतं आणि बोटं एकमेकांना भेटायला तयार नव्हती. बायको समोर उभी राहून एकेक बटण लावत होती आणि गळ्याजवळचं तिला नीट लावता यावं म्हणून तो लहान पोरासारखा मान वर करून उभा होता. तेवढ्यात गावचा पुढारी दारात येऊन थांबला.

पुढारी त्याच्या दारात कधी येत नसे. काम असलं की निरोप धाडायचा, आणि निरोपात एखादी शिवी असायचीच. तलावाचं पाणी सोडायचं आणि अडवायचं काम याच्याकडे, म्हणून सगळे त्याला पाटकरी म्हणत. पाणी उशिरा आलं की पाटकरी झोपा काढतो, जास्त आलं की पाटकऱ्याला कोणीतरी चारलंय, आणि वेळेवर आलं की पाटकऱ्याची आठवण कोणालाच नसायची.

"असू दे, लावून घे निवांत," पुढारी म्हणाला आणि चपला बाहेर काढून आत आला. काढलेल्या चपला पाहून बायकोचा हात बटणावरच थांबला.

पुढारी खाटेच्या कडेवर टेकला. सुजलेल्या हाताकडे बघून त्यानं चुकचुक केलं, घसा साफ केला आणि म्हणाला, "गावानं ठरवलंय, तुझा सत्कार करायचा. शाळेच्या पटांगणात, सगळ्यांसमोर. पाटबंधाऱ्याचे साहेबही येणार आहेत."

"कसला सत्कार?"

"आता हे मी तुला सांगू? तलावाचा भराव फुटता फुटता राहिला. खालची आख्खी आळी आज आपापल्या घरात चूल पेटवून बसलीय, ती कोणामुळे? सख्ख्या भावाच्या उभ्या पिकावर पाणी सोडायला छाती लागते, बाबा. माझ्यानं झालं नसतं. खरं सांगतो, नसतं झालं."

पाटकऱ्याला बोलायचं होतं. पण बायकोनं नेमकं तेव्हाच वरचं बटण ओढून लावलं आणि त्याचा श्वास गळ्यातच अडकला. तो नुसता खाकरला. पुढाऱ्याला वाटलं, माणूस गहिवरला. त्यानं पाठीवर थाप मारली आणि तो चपला घालून निघून गेला.

घडलं होतं ते असं. पीक काढणीला आलं असताना पावसानं पाठ सोडली नाही. तलाव काठोकाठ भरला, तरी वरून ओतणं चालूच होतं. भरावाच्या पायथ्याशी गढूळ पाणी झिरपायला लागलं, तशी खालच्या आळीतली माणसं मातीची पोती वाहून त्यावर टाकू लागली. तलावाच्या सांडव्याला एक लोखंडी दार होतं, साखळ्यांवर पेललेलं. वरच्या चौथऱ्यावरचं चाक सैल केलं की दार खाली उतरायचं आणि त्याच्यावरून जादाचं पाणी ओढ्यात जायचं. चाक भलतीकडे फिरू नये म्हणून त्याच्या दात्यांत एक खिटी बसवलेली होती. साहेबांचा फोन आला: दार थोडंसंच उतरव, ओढ्याकाठी मका उभा आहे, लोकांचं नुकसान नको.

ओढ्याकाठचा मका म्हणजे थोरल्याचा मका. ओढा जिथं कंबरेत वाकतो, तिथं पाटकऱ्याच्या थोरल्या भावाचं शेत होतं.

पाटकऱ्यानं चाकाचा दांडा धरला, पायानं खिटी उचलली, दार हवं तेवढं उतरवलं आणि खिटी पुन्हा दात्यात टाकली. खिटी बसल्याचा आवाजही आला. मग ती सटकली. दांडा हातातून हिसका मारून सुटला, फिरून त्याच्याच मनगटावर बसला आणि चाक भिंगरीसारखं गरगरत सुटलं. साखळ्या खडखडत गेल्या. दार सगळंच्या सगळं खाली पडलं आणि तलावानं ओढ्यावर झेप घेतली. सांज होईपर्यंत तलाव हातभर उतरला, भरावाखालचं झिरपणं थांबलं, आणि थोरल्याच्या शेतात फक्त पाणी दिसत होतं.

एवढंच असतं तर पाटकऱ्याचा गोंधळ झाला नसता. पण त्याच्या पायाशी एक पहार पडलेली होती. चाक फिरायला लागलं की आऱ्यांत पहार घालून ते अडवायचं, हे त्याला पहिल्या दिवशीच शिकवलेलं होतं. ती पहार त्यानं घातली नाही. का घातली नाही, ते त्याला कळत नव्हतं.

*

साहेब दार पाहायला आले, तेव्हा पाऊस उघडला होता. चौथऱ्यावर ओलं ऊन पडलं होतं आणि लोखंडाला गंजाचा वास सुटला होता. साहेबांनी चाकाभोवती एक फेरी मारली, खिटी बोटानं हलवून पाहिली आणि बोट रुमालाला पुसलं.

"साहेब, एक सांगायचं होतं," पाटकरी म्हणाला. "मी दार सोडलं नाही. ते निसटलं."

साहेबांनी मागं वळून पाहिलं. जीपचा ड्रायव्हर लांब उभा राहून काठीनं टायरचा चिखल खरवडत होता.

"अजून कोणाला बोललास?"

"फक्त बायकोला. बाकी सांगायला गेलो की कोणी ऐकून घेत नाही."

"बरं करतात." साहेब कठड्याला टेकले. ते काही वाईट माणूस नव्हते. त्यांचेही डोळे जागरणानं लाल झाले होते. "हे बघ. सोडलं म्हणालास, तर तू लायक माणूस. निसटलं म्हणालास, तर चौकशी. खिटी झिजली होती का, झिजली होती तर कळवलंस का, कळवलंस तर मी काय केलं. चौकशीच्या शेवटी तूही नालायक आणि मीही नालायक. भराव तर वाचलाच ना? मग तो कोणत्या शब्दानं वाचला, याला काय महत्त्व आहे?"

"कळवलं होतं मी, साहेब. खिटीचं."

"तेच म्हणतोय," साहेब म्हणाले आणि जीपकडे निघाले. पायऱ्या उतरता उतरता थांबून म्हणाले, "आणि हाताला प्लास्टर घालून घे. सत्कारात बरं दिसतं."

*

थोरल्याच्या शेतावर तो त्याच दुपारी गेला. न बोलावता गेला. पाणी ओसरून खाली गाळ उरला होता, पोटरीभर. मका सगळा एका अंगाला निजला होता, वाऱ्यानं भांग पाडल्यासारखा. थोरला, वहिनी आणि रोजावर आलेली चार माणसं गाळात वाकून कणसं चाचपडत होती. सापडलेलं कणीस मोडून पाटीत टाकायचं, पाटी ओढ्यावर नेऊन धुवायची, आणि बांधावरच्या ताडपत्रीवर पसरायची. अर्ध्या कणसांचे दाणे फुगून मऊ पडले होते. आंबूस वास सुटला होता.

पाटकऱ्यानं पँट वर दुमडली आणि तो गाळात उतरला.

"बाहेर हो," थोरला म्हणाला. त्यानं मान वर करून पाहिलंही नव्हतं.

"दादा, डाव्या हातानं कणसं काढतो."

"बाहेर हो म्हटलं ना. नालायक माणूस. बापानं जमीन मला दिली आणि तुला नोकरीला चिकटवलं, ते इतकी वर्षं पोटात धरून बसलास आणि असा काढलास डूख. आता तुझा सत्कार होणार आहे म्हणे. घे करून. माझ्या मक्याचा हार घालून घे."

रोजावरच्या माणसांचे हात थांबले. त्यातला एक खालच्या आळीतला होता, ज्याचं घर भरावाच्या अगदी पायथ्याशी. त्यानं पाटकऱ्याकडे पाहून हळूच हात जोडल्यासारखं केलं, आणि थोरल्याची नजर वळताच तेच हात गाळात घातले.

पाटकरी तिथंच उभा राहिला. पाय गाळात रुतत होते. डूख धरला होता का आपण, असा प्रश्न त्याला पडला. जमीन आपल्याला मिळायला हवी होती, असं कधी वाटलं नाही असं नाही. दरवर्षी मका तुऱ्यावर आला की चौथऱ्यावरून तो हिरवा पट्टा दिसायचा, आणि तो हातातलं काम सोडून तिकडे बघत राहायचा. असं का होतं, हे त्यानं कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

वहिनी त्याच्याजवळ आली. तिच्या कोपरापर्यंत गाळ वाळून भेगाळला होता. तिनं एक रिकामी पाटी त्याच्या पायाशी ठेवली आणि मागं फिरली. थोरल्यानं ते पाहिलं. आणि तो पुन्हा कणसं चाचपडू लागला.

पाटकरी वाकला. डाव्या हाताला या कामाची सवय नव्हती. कणीस सापडायचं, पण पिरगाळून मोडताना देठ निसटायचा. मग तो कणीस मांडीला दाबून मोडू लागला. दिवस कलेपर्यंत त्याच्या दीड पाट्या झाल्या. वहिनीच्या किती झाल्या, हे त्यानं मोजलं नाही.

*

घरी मुलगी अंगणात उभी राहून भाषण पाठ करत होती. शाळेच्या बाईंनी तिला लिहून दिलं होतं. सत्काराच्या दिवशी सगळ्यांत आधी तिनंच बोलायचं होतं.

"असे माझे वडील या सन्मानास सर्वथैव पात्र आहेत," ती म्हणाली आणि अडखळली. "बाबा, पात्र म्हणजे काय?"

"बाईंना नाही विचारलंस?"

"बाई म्हणाल्या, पात्र म्हणजे लायक. पण भूगोलात नदीचं पात्र असतं. आणि नाटकात पण पात्रं असतात."

पाटकरी हातपाय धूत होता. चुलीपाशी बसलेली बायको म्हणाली, "पात्र म्हणजे भांडं गं. ज्यात घातलेलं मावतं, सांडत नाही, ते पात्र."

"मग सन्मान बाबांत मावेल?"

"न मावायला काय झालं?" बायको म्हणाली. पण तिनं नवऱ्याकडे पाहिलं, तर तो अजून पाय धूतच होता. पाय कधीच स्वच्छ झाले होते.

जेवताना तो म्हणाला, "मी नाही म्हणून सांगतो पुढाऱ्याला."

"का?"

"दार निसटलं, तुला माहितीये. तुला तर मी त्याच दिवशी सांगितलं."

"सांगितलंत." तिनं पोरीच्या ताटात वाढलं आणि मग हात थांबवला. "अहो, आज नळावर मला पुढं जाऊ दिलं. मी बादली घेऊन मागं उभी राहिले, तर पुढाऱ्याची सून म्हणाली, काकू तुम्ही या. काकू म्हणाली. इतकी वर्षं मी त्या रांगेत ऐकत आले, की पाटकऱ्याच्या बायकोला कशाला हवी रांग, तिच्या घरी तर तलाव आहे. तुमच्यावरच्या सगळ्या शिव्या मीच आणल्यात भरून, रोज, बादलीबरोबर. त्या शिव्यांना तरी आपण कुठं लायक होतो? त्या घेतल्याच की आपण. मग हे घ्यायला काय होतं?"

हे बरोबर होतं की चूक, ते त्याला ठरवता येईना. ऐकताना बरोबर वाटलं. अंथरुणावर पडल्यावर चूक वाटलं.

*

नंतरचे दिवस तो सकाळी दार पाहायचा आणि दुपारी थोरल्याच्या शेतात उतरायचा. थोरला बोलत नव्हता, पण हाकलतही नव्हता. गाळ वरून वाळून पापुद्रा धरायला लागला, तसं काम आणखी अवघड झालं. पाय टाकला की पापुद्रा मोडून आतल्या चिकट मातीत पाय जायचा आणि काढताना गुडघ्याचे सांधे बोंबलायचे.

रस्त्यानं जाताना लोक थांबायचे. चहाच्या टपरीवाल्यानं त्याला बाकावर बसवून चहा पाजला. खालच्या आळीतल्या एका म्हातारीनं त्याचा सुजलेला हात दोन्ही हातांत धरला आणि कपाळाला लावला. तो कळवळला, कारण दुखणारी जागा नेमकी तीच होती. "किती सोसलं माझ्या लेकरानं," म्हातारी म्हणाली.

"आजी, ते दार आपोआप पडलं."

"असंच म्हणायचं असतं," म्हातारी म्हणाली. "मोठी माणसं असंच म्हणतात."

त्यानं टपरीवाल्याला सांगून पाहिलं, शाळेच्या बाईंना सांगून पाहिलं. जेवढं निसटलं म्हणावं, तेवढा तो लोकांना अधिकच लायक वाटू लागला. मग त्यानं सांगणं सोडलं, तर लोक म्हणाले, बघा, तोंडातून एक शब्द काढत नाही स्वतःबद्दल.

एका सकाळी चौथऱ्यावर कोणी नसताना त्यानं ते सगळं पुन्हा करून पाहिलं. दार आता वर ओढून घेतलं होतं आणि चाकाला नवी खिटी बसली होती. तो चाकापाशी उभा राहिला. दांडा इथं होता. पहार इथं, डाव्या पायाशी. दांडा मनगटावर बसला, तेव्हा आपण खाली वाकलो. हात पोटाशी धरून वाकलो, की पहार घ्यायला वाकलो? वाकल्यावर पहार दिसली. हे नक्की, ओली काळी पहार त्याला अजून दिसत होती. डावा हात मोकळा होता. मग तो हात पुढं का गेला नाही? दुखण्यानं डोळ्यांपुढं अंधारी आली म्हणून? की गरगरत्या चाकात पहार घालताना दुसराही हात जाईल, या भीतीनं? की खालून भरावावरच्या माणसांचा आरडाओरडा ऐकू येत होता, म्हणून? की आणखी कशानं?

तो वाकला, उठला, परत वाकला. तळ्यावर धुवायला आलेल्या बायका खालून पाहत होत्या. त्यांना वाटलं, तो व्यायाम करतोय.

*

सत्काराच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे बांधावर जेवायला बसले. रोजावरची माणसं लांब झाडाखाली गेली. वहिनी कणसं उलटवायला ताडपत्रीकडे गेली. थोरला आणि तो, दोघंच उरले. पाटकरी डाव्या हातानं भाकरी मोडत होता, ती धड मोडत नव्हती. थोरल्यानं त्याची भाकरी ओढून घेतली, तुकडे केले आणि परत ठेवली.

पाटकऱ्यानं एक तुकडा तोंडात टाकला. पाण्याबरोबर तो खाली ढकलून तो म्हणाला, "दादा, मी मुद्दाम नाही सोडलं. खिटी सटकली. दार पडलं. डूख नव्हता."

थोरला चावायचा थांबला.

"काय?"

"निसटलं. हातातून. हे बघ मनगट, दांड्यानंच फुटलंय."

त्याला वाटलं होतं, हे ऐकून थोरल्याचा राग उतरेल. तेवढ्या एका गोष्टीची त्याला खात्री होती. पण थोरल्याचा चेहरा उतरत गेला. त्यानं हातातली भाकरी फडक्यावर ठेवली आणि आडव्या पडलेल्या मक्याकडे पाहिलं.

"कोणाला माहितीये हे?"

"साहेबांना. माझ्या बायकोला. बाकी कोणी खरं मानत नाही."

"मग मला कशाला सांगितलंस?"

"तू शिव्या देत होतास म्हणून."

"देत होतो. अजून वर्षभर दिल्या असत्या," थोरला म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. "अरे, शिव्या देताना मला एक ठाऊक होतं. माझं पीक घेऊन तू काहीतरी केलंस. आळी वाचवलीस. माझा राग होता, पण त्याला एक टोक होतं. परवा दुकानात गेलो, तर एकानं उठून मला जागा दिली. याचं शेत गेलं गावासाठी, म्हणाला. मी तिथं बसलो. शिव्या घालत घालत बसलो, पण बसलो. आता तू म्हणतोस, खिटी सटकली. मग माझं पीक कशासाठी गेलं? एका झिजलेल्या खिटीसाठी?"

"भराव तर वाचलाच ना, दादा."

"तो वाचणारच होता, नाहीतर फुटणारच होता. त्यात मी कुठं आहे? तूही नाहीस." त्यानं ओठ पुसले. "उद्या तिथं हे बोलू नकोस."

"मग काय बोलू?"

"मला काय विचारतोस? सत्कार तुझा आहे," थोरला म्हणाला आणि उठला. पुन्हा गाळात उतरताना त्याचा तोल गेला, तेव्हा पाटकरी पटकन पुढं झाला. पण थोरल्यानं स्वतःला सावरलं होतं.

*

शाळेच्या पटांगणात टेबल मांडलं होतं, मागं खुर्च्या. मधल्या खुर्चीवर पाटकऱ्याला बसवलं. गळ्यातल्या झोळीत अडकवलेला हात त्याच्या पोटाशी एखाद्या परक्या वस्तूसारखा पडला होता. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला पुढारी. समोर जमिनीवर आणि मागं भिंतीपर्यंत माणसं. खालच्या आळीतली सगळी घरं आली होती, कडेवरच्या पोरांसकट.

मुलीनं भाषण न अडखळता म्हटलं. 'पात्र' या शब्दावर तिनं जरा जोर दिला आणि बापाकडे पाहिलं. टाळ्या पडल्या. साहेब कर्तव्यनिष्ठेवर बोलले. खिटीबद्दल काही बोलले नाहीत. पुढारी सगळ्यांत जास्त वेळ बोलला आणि छाती हा शब्द त्यानं बऱ्याचदा वापरला. मग पाटकऱ्याला लाकडी सन्मानचिन्ह दिलं. ते एका हातानं धरवेना, म्हणून साहेबांनी खालून आधार दिला आणि फोटो काढणाऱ्याला त्यात साहेबांचाच हात जास्त मिळाला.

"दोन शब्द बोल," पुढाऱ्यानं माईक त्याच्यापुढं सरकवला.

पाटकरी उभा राहिला. काय बोलायचं, ते त्यानं ठरवलं नव्हतं. खरं बोलावं तर थोरल्याचं जातं, खोटं बोलावं तर आपलं. आणि खरं नेमकं कोणतं, ते त्यालाही सांगता येत नव्हतं. तेवढ्यात मागच्या भिंतीपाशी त्याला थोरला दिसला. धुतलेला शर्ट घालून, वहिनीच्या शेजारी उभा. तो येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं.

"शेत दादाचं गेलं," पाटकरी म्हणाला. माईकमधून आपलाच आवाज इतका मोठा आलेला ऐकून तो दचकला. "माझं काहीच गेलं नाही. मनगट दुखतंय, ते बरं होईल. मान द्यायचा तर... मला नाही कळत. शेत दादाचं गेलं."

एवढंच बोलून तो बसला. मग माना मागं वळल्या. खालच्या आळीतला तो रोजावरचा माणूस उठला आणि थोरल्याला हाताला धरून पुढं आणू लागला. थोरला नको नको म्हणत होता, पण पाय पुढं पडत होते. टाळ्या सुरू झाल्या. पुढाऱ्यानं झटकन आपली खुर्ची रिकामी करून दिली.

थोरला खुर्चीत बसला नाही. टेबलाला धरून उभा राहिला. नखांत अजून गाळ होता. माईककडे न पाहता तो म्हणाला, "मीच सांगितलं होतं त्याला. माझं शेत गेलं तरी चालेल, दार सोड म्हणून. सकाळी सांगितलं होतं."

पटांगणात आधी कुजबुज झाली आणि मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की शाळेच्या पत्र्यावरची पाखरं उडाली. मागं भिंतीपाशी वहिनीनं तोंडावर पदर धरला. ती रडतेय की काय, ते पाटकऱ्याला इतक्या लांबून दिसेना.

"असं होतं तर," पुढारी पाटकऱ्याकडे वळून म्हणाला. "एवढी मोठी गोष्ट, आणि तू बोलला नाहीस? खरं ना हे?"

सगळं पटांगण त्याच्याकडे पाहत होतं. थोरला पाहत नव्हता, तो टेबलावरच्या फडक्याकडे पाहत होता. साहेब शेजारी हळूच खाकरले. त्या सकाळी पाटकऱ्याची आणि थोरल्याची भेटही झाली नव्हती.

पाटकऱ्यानं मान हलवली. हो म्हणून हलवली, असं सगळ्यांना दिसलं.

*

दोघं ओढ्याच्या वाटेनं परत निघाले. बायका आणि मुलगी पुढं गेल्या होत्या. त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. सन्मानचिन्ह थोरल्याच्या काखेत होतं. पटांगणातच कोणीतरी ते त्याच्या हातात दिलं होतं आणि परत घ्यायचं कोणाला सुचलं नव्हतं.

शेत आलं. ऊन उतरलं होतं आणि वाळलेल्या गाळावर भेगांचं जाळं पडलं होतं. थोरला बांधावर थांबला.

"एक विचारू?" तो म्हणाला.

"विचार की."

"समज, त्या सकाळी तू खरंच आला असतास. म्हणाला असतास, दादा, भराव जातोय, दार सोडू का. तर मी काय म्हणालो असतो?"

पाटकरी भावाकडे पाहत राहिला. लहानपणापासून पाहिलेला चेहरा होता, तरी त्याला तो वाचता येईना. थोरला हो म्हणाला असता. नाही म्हणून काठी घेऊन धावलाही असता. दोन्ही थोरले त्याला सारखेच ओळखीचे वाटले.

"काय माहीत, दादा," तो म्हणाला. "पण मी आलो असतो का, तेही मला माहीत नाही."

थोरल्यानं मान डोलवली. त्याला हेच उत्तर हवं होतं, की यापेक्षा दुसरं कोणतंही चाललं असतं, ते कळायला मार्ग नव्हता. त्यानं सन्मानचिन्ह बांधावरच्या दगडाला टेकवून उभं केलं आणि धुतलेल्या शर्टाच्या बाह्या वर दुमडल्या.

"अंधार पडायला वेळ आहे अजून," तो म्हणाला. "तो कोपरा राहिलाय. त्यातली कणसं उद्यापर्यंत कुजतील."

"चल," पाटकरी म्हणाला, आणि दोघं चांगल्या कपड्यांनिशी गाळात उतरले.